मार्गदर्शकाचे काम नेमके काय? : कमल रणदिवे यांच्या वाटचालीतून

खारेपाटण हे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना एका ताम्रपटामुळे परिचित आहे. दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याने शके ९३० मध्ये, म्हणजे इ.स. १००८ साली, तो कोरवून घेतला. त्यात सणफुल्लापासून रट्टराजापर्यंत दहा राजांची वंशावळ आहे आणि राजाने आपले गुरू आत्रेय यांना दिलेल्या दानाची नोंद आहे. हा पट हाती लागला नसता, तर या घराण्याचा क्रम लावणे अभ्यासकांना फार अवघड गेले असते.

विज्ञानातही घराणी असतात. ती रक्ताच्या नात्याची नसून शिकण्या-शिकवण्याच्या नात्याची असतात. अमक्याच्या हाताखाली तमका तयार झाला, त्याने पुढे आणखी चौघांना तयार केले, अशी ही वंशावळ. ती ताम्रपटावर कोरलेली सापडत नाही; शोधनिबंधांवरील लेखकांच्या नावांत आणि संस्थांच्या अहवालांत विखुरलेली असते. म्हणूनच एखादी व्यक्ती मोठ्या पदावर पोचली, की आपल्याला तिची बुद्धी आणि जिद्द तेवढी दिसते. तिला कोणी, कधी आणि कशा प्रकारे हात दिला, हे दिसत नाही. शिक्षकाच्या दृष्टीने मात्र हाच भाग सर्वांत उपयोगाचा आहे. बुद्धी आपण विद्यार्थ्याला देऊ शकत नाही. हात देऊ शकतो.

या लेखात अशी एक वंशावळ पाहायची आहे. तिच्या मध्यभागी आहेत डॉ. कमल रणदिवे. कर्करोग आणि कुष्ठरोग या दोन्ही क्षेत्रांत काम केलेल्या, मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेचे संचालकपद सांभाळलेल्या आणि पुढे ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेवेचे प्रशिक्षण देण्यासाठी खेड्यापाड्यांत गेलेल्या या शास्त्रज्ञ होत.

एक विसंगती

आधी प्रश्न नीट मांडू या. आपल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्यावर कोण भेटते? घरोघरी जाणारी आशा ही स्त्री. उपकेंद्रातील आरोग्यसेविका स्त्री. परिचारिका बहुधा स्त्रीच. आता तालुका, जिल्हा, राज्य आणि वैद्यकीय महाविद्यालये असे वर वर जात निर्णय घेणाऱ्या खुर्च्यांकडे पाहावे. प्रत्येक पायरीवर स्त्रियांची संख्या रोडावत जाते. ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील आरोग्यसेवकांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत, पण वरिष्ठ पदांवर त्यांचे प्रमाण सुमारे २५ टक्केच आहे.

याचा परिणाम फक्त स्त्रियांच्या नोकऱ्यांवर होतो असे नाही. कोणत्या रोगावर संशोधन करायचे, कोणत्या औषधाचा साठा ठेवायचा, उपकेंद्रात स्वच्छतागृह हवे की नको, हे निर्णय वरच्या खुर्चीत होतात. ज्यांनी आयुष्य रुग्णाशेजारी काढले, त्यांचा अनुभव त्या खोलीपर्यंत पोचला नाही, तर निर्णय अर्धवट माहितीवर होतात.

गळती होते ती परीक्षेतील गुणांमुळे नव्हे. दहावी-बारावीच्या निकालांत मुली मागे नाहीत, हे आपण शिक्षक दरवर्षी पाहतो. गळती होते ती परीक्षा संपल्यानंतरच्या वळणांवर. पुढे काय शिकता येते हे ठाऊक नसते, कोणाला विचारावे हे ठाऊक नसते, आणि ठाऊक झाले तरी शिफारस करणारे कोणी नसते. मार्गदर्शकाचा उपयोग नेमका या वळणांवर होतो.

शब्दाची गोष्ट

इंग्रजीतला 'मेंटर' हा शब्द होमरच्या 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्यातून आला. युद्धावर जाताना ओडिसियस आपला मुलगा टेलेमाकस याला मेंटर नावाच्या मित्राच्या स्वाधीन करतो. पुढे वडिलांच्या शोधात निघालेल्या या मुलाला खरे मार्गदर्शन करते ती अथीना ही देवता, मेंटरचे रूप घेऊन. म्हणजे पहिल्या मेंटरच्या वेषात वावरणारी व्यक्ती स्त्री होती!

आपल्याकडे 'गुरू' हा शब्द आहे, पण त्यात आज्ञापालनाची छटा फार मोठी आहे. विज्ञानात शिष्याने गुरूचे म्हणणे तपासून पाहायचे असते आणि पुराव्याने चूक ठरले तर तसे सांगायचे असते. म्हणून येथे 'मार्गदर्शक' हा साधा शब्द वापरू. मात्र पीएच.डी.च्या अर्जावर सही करणारा तो मार्गदर्शक, एवढाच त्याचा अर्थ घेऊ नये. शिक्षक विषय शिकवतो. मार्गदर्शक पुढची वाट दाखवतो, त्या वाटेवर चालण्यासाठी लागणारे काम सोपवतो, आपले वजन शिष्याच्या बाजूने टाकतो आणि वेळ आली की बाजूला होतो. ही चार कामे वेगवेगळी आहेत. कमल रणदिवे यांच्या आयुष्यात ती स्पष्ट दिसतात.

पुण्याहून परळला

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलींच्या शिक्षणाबाबत ते आग्रही होते. कमलचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. मुलीने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. तिने मात्र फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेतले. १९३९ साली गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह झाला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली त्यांनी एम.एस्सी. केले. विषय होता सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या पेशींमधील गुणसूत्रांचा अभ्यास.

येथे क्षणभर थांबू या. सीताफळाच्या पेशी पाहणारी स्त्री कर्करोगाच्या संशोधनाकडे कशी वळली? वरवर हे दोन विषय फार दूरचे वाटतात. पण सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ओळखणे, तिला रंग देणे, विभाजनाच्या अवस्था मोजणे हे कौशल्य वनस्पती आणि प्राणी दोन्हींना लागू पडते. शिवाय कर्करोग म्हणजे पेशीविभाजनावरचे नियंत्रण सुटणे. ज्याला विभाजन वाचता येते त्याला कर्करोगाची भाषा शिकणे जड जात नाही. हे नाते विद्यार्थ्याला स्वतःहून दिसतेच असे नाही. ते दिसणारा कोणी समोर असावा लागतो.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करू लागल्या. तेथे त्यांना डॉ. वसंत रामजी खानोलकर भेटले.

खानोलकर आणि त्यांची पद्धत

खानोलकर हे आडनाव आपल्याच जिल्ह्यातील वेंगुर्ले तालुक्यातल्या खानोली गावाकडे बोट दाखवते. त्यांचा जन्म मात्र १८९५ साली दूर क्वेट्ट्याला झाला. लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रात, म्हणजे रोगामुळे शरीरातील ऊतींमध्ये होणाऱ्या बदलांच्या शास्त्रात, एम.डी. करून ते मुंबईला परतले, आणि १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेव्हा तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख झाले.

रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञाचे रोजचे काम म्हणजे शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा तपासून निदान करणे. खानोलकर तेवढ्यावर थांबले नाहीत. आपल्या लोकांना होणारे कर्करोग युरोपातल्यापेक्षा वेगळे का, हा प्रश्न त्यांनी धरला. कमरेला घट्ट धोतर नेसण्याच्या सवयीशी निगडित त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध केले. त्या निबंधावर खानोलकरांच्या नावाबरोबर बी. सूर्याबाई या सहकारी स्त्रीचे नाव आहे. काम ज्याचे त्याचे नाव निबंधावर, ही शिस्त आज साधी वाटते. त्या काळी हाताखालच्या माणसाचे नाव गाळणे सहज चालून जाई.

कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुष्कळ मार्गदर्शक येथे थांबतात. चांगला, हाताशी तयार झालेला सहकारी आपल्याच प्रयोगशाळेत राहावा असे कोणालाही वाटणारच. खानोलकरांनी त्यांना परदेशी जाऊन नवे तंत्र शिकण्यास प्रोत्साहन दिले. शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. आपल्याला येत नाही ते दुसऱ्याकडून शिकून ये, असे शिष्याला सांगणे हे मार्गदर्शकाचे दुसरे मोठे काम होय. त्यासाठी आपल्या ज्ञानाची सीमा मान्य करावी लागते.

ऊतिसंवर्धन म्हणजे काय?

गाय यांच्याकडे त्या जे शिकल्या ते तंत्र वर्गात समजावून देण्याजोगे आहे. घरी आपण दुधाला विरजण लावतो. थोड्याशा विरजणातील जीवाणूंना उबदार जागा आणि दुधासारखे अन्न मिळाले की रात्रभरात ते प्रचंड वाढतात. प्राण्याच्या शरीरातील पेशी अशाच बाहेर वाढवता येतील का? १९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील चेतापेशी शरीराबाहेर जिवंत ठेवून दाखवल्या, तेथून या तंत्राची सुरुवात मानतात.

जीवाणू काटक असतात. प्राणिपेशी मात्र लाडावलेल्या असतात. शरीरात त्यांना ठरावीक तापमान, क्षार, प्राणवायू, पोषकद्रव्ये सतत मिळत असतात आणि टाकाऊ द्रव्ये वाहून नेली जातात. बाहेर हे सर्व आपण पुरवावे लागते. शिवाय हवेतून एखादा जीवाणू आत शिरला, तर तोच सारे अन्न फस्त करतो आणि पेशी मरतात. गाय यांनी पेशी असलेल्या काचेच्या नळ्या मंद गतीने फिरवत ठेवणारे यंत्र तयार केले होते, म्हणजे पेशी आळीपाळीने द्रवात भिजत आणि हवेला लागत. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कर्करोगग्रस्त स्त्रीच्या पेशी अखंड वाढू लागल्या. 'हेला' या नावाने त्या पुढे जगभर वापरल्या गेल्या. त्या पेशी तिची परवानगी न घेता काढल्या होत्या आणि तिचे नाव कितीतरी वर्षे जगाला माहीत नव्हते. विज्ञानात श्रेय कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही, या प्रश्नाची ही दुसरी बाजू वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांशी जरूर बोलावी.

रणदिवे मुंबईला परतल्या. १९५२ साली खानोलकरांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातील या प्रकारची ती पहिली प्रयोगशाळा मानली जाते. येथे मार्गदर्शकाचे तिसरे काम दिसते. खानोलकरांनी शिकून आलेल्या शिष्येला जुन्याच टेबलावर बसवले नाही. तिच्या हाती एक संपूर्ण विभाग दिला.

त्यातून काय निघाले?

दोन उदाहरणे पाहू.

पहिले कुष्ठरोगाचे. या रोगाचा जीवाणू हान्सेन यांनी १८७३ सालीच पाहिला होता, पण तो कृत्रिम माध्यमात वाढवणे आजतागायत कोणालाही साधलेले नाही. एका जीवाणूचे दोन व्हायला त्याला १२-१४ दिवस लागतात. हा जीवाणू चेतातंतूंवर हल्ला करतो, म्हणूनच रुग्णाच्या त्वचेला बधिरपणा येतो. मग चेतापेशींच्याच संवर्धनात तो वाढवून पाहावा, असा विचार रणदिवे, खानोलकर आणि सहकाऱ्यांनी केला. रुग्णाच्या गाठीतील द्रव्य चेतागुच्छाच्या संवर्धनात घालून त्यांनी १९५८ साली एक जीवाणू वेगळा केला. त्याला संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'आय.सी.आर.सी. बॅसिलस' म्हणतात. पुढील अभ्यासात तो कुष्ठरोगाचा जीवाणू नसून त्याच्या कुळातील दुसरा एक असल्याचे दिसून आले. पण त्याचे काही गुण कुष्ठजीवाणूशी इतके जुळत होते, की त्यापासून कुष्ठरोगाची लस तयार करता आली. डॉ. म. गो. देव यांनी ते काम पुढे नेले. तमिळनाडूत झालेल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यात या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले, तर बी.सी.जी.ने सुमारे ३४ टक्के. मूळ अपेक्षा पूर्ण झाली नाही तरी निरीक्षण काटेकोर असेल तर ते वाया जात नाही, हे यातून शिकण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण स्तनाच्या कर्करोगाचे. उंदरांच्या काही जातींत हा रोग आईकडून पिलांत येतो आणि तो दुधावाटे येतो, हे बिटनर यांनी १९३६ साली दाखवले होते. हा 'दुधातील घटक' म्हणजे एक विषाणू होता. पण विषाणू असलेल्या प्रत्येक मादीला कर्करोग होत नाही. आनुवंशिक घडण आणि संप्रेरके यांचाही त्यात वाटा असतो. रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत उंदरांची खास जात जोपासून हे परस्परसंबंध अभ्यासले. कर्करोगाला एकच एक कारण नसते, अनेक कारणांची बेरीज लागते, हा आजचा सर्वमान्य विचार तेव्हा नवा होता.

दुसरी शिष्या

एका शिष्येवरून मार्गदर्शकाची परीक्षा होत नाही. योगायोगही असू शकतो. म्हणून खानोलकरांच्या दुसऱ्या विद्यार्थिनीकडे पाहू. सत्यवती सिरसाट यांनीही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. पुढे त्या इंग्लंडला जाऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरण्यास शिकल्या आणि परत येऊन त्यांनी याच संस्थेत वैद्यकीय संशोधनासाठी ती प्रयोगशाळा उभारली. प्रश्न द्यायचा, बाहेर शिकायला पाठवायचे, परतल्यावर विभाग सोपवायचा, हा क्रम पुन्हा तोच. म्हणजे हा योगायोग नव्हता, पद्धत होती.

सिरसाट आणि खानोलकर यांनी तोंड उघडता न येण्याच्या विकारावर काम केले. यात गालाच्या आतील अस्तराखाली तंतू साठून ते कडक होते, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. मिरचीतील तिखट द्रव्याने हा बदल होतो का, हे त्यांनी १९६० साली उंदरांवर पाहिले. आज या विकाराचे प्रमुख कारण सुपारी चघळणे हे मानले जाते. कमल रणदिवे आणि सहकाऱ्यांनी सुपारी व तंबाखूच्या कर्करोगकारक गुणांवरचे प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध केले, आणि २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या प्रबंधात सुपारी मानवाला कर्करोगकारक म्हणून नोंदली गेली. सुपारीच्या बागा असलेल्या आपल्या जिल्ह्यातील शिक्षकांनी ही साखळी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. मार्गदर्शकाबरोबर मांडलेले अनुमान पुढे बदलले, म्हणून कोणाचा अपमान झाला नाही. विज्ञान पुढे गेले.

पद आणि पदानंतर

१९६६ ते १९७० या काळात कमल रणदिवे यांनी संस्थेच्या संचालकपदाची धुरा हंगामी स्वरूपात वाहिली. याच सुमारास, १९६६ साली, रुग्णालय आणि संशोधन संस्था एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. पुढे १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्यांचे निधन झाले.

पण मला त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचे वर्ष वाटते ते १९७३. त्या वर्षी रणदिवे आणि त्यांच्या अकरा सहकाऱ्यांनी मिळून भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. नवी मुंबईत वाशी येथे या संघटनेने नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि लहान मुलांसाठी पाळणाघर सुरू केले. वैज्ञानिकांच्या संघटनेने पाळणाघर काढावे याचे कोणाला नवल वाटेल. पण त्यामागे तर्क आहे. कमलताईंना शिकवणारे वडील होते, साथ देणारा पती होता आणि खानोलकरांसारखा मार्गदर्शक होता. या तीन गोष्टी एकत्र येणे हे भाग्य झाले. भाग्यावर व्यवस्था चालत नाही. ज्या मुलीला यांपैकी काहीच मिळाले नाही, तिला राहायला जागा आणि मूल सुरक्षित ठेवायला ठिकाण हवे. मार्गदर्शकाच्या चांगुलपणाची जागा संस्थेने घ्यावी लागते.

संघटनेच्या प्रकल्पांतून त्या अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील आदिवासी भागात गेल्या. मुलांच्या रक्ताच्या व पोषणाच्या नोंदी घेतल्या आणि स्थानिक स्त्रियांना आरोग्य व आहाराविषयी प्रशिक्षण दिले. प्रयोगशाळेत जो हात खानोलकरांनी दिला होता, तो येथे शाळा न शिकलेल्या बायकांपर्यंत पोचला.

मार्गदर्शनाच्या मर्यादा

केवळ प्रोत्साहनाचे शब्द पुरेसे नसतात, हे विसरून चालणार नाही. 'तू हुशार आहेस, खूप शीक' असे म्हणणे सोपे असते. अर्जाची तारीख सांगणे, शुल्काची सोय पाहणे, तिच्या आईवडिलांशी दोनदा बोलणे, शिफारसपत्र लिहिणे ही कामे वेळ खातात. पण परिणाम त्यांचाच होतो.

दुसरे असे, की मार्गदर्शक जवळच असावा लागतो असे नाही. आनंदीबाई जोशी यांच्या शिक्षणाविषयीचा पत्रव्यवहार एका अमेरिकन मासिकात छापून आला. तो वाचून न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर या अनोळखी बाईंनी त्यांना पत्र लिहिले, आणि १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेला पोचल्या तेव्हा याच बाईंच्या घरी उतरल्या. पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला. १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे यायची होती, पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. वाट दाखवणारे होते, तरी शरीर तोलले नाही. मार्गदर्शन सगळ्या संकटांवर मात करू शकत नाही, हेही या गोष्टीतून कळते.

आपल्या शाळेत काय करता येईल?

खारेपाटण हे मुंबई-गोवा महामार्गावरचे, कणकवली तालुक्याच्या टोकाचे गाव. येथील बारावी विज्ञानाच्या वर्गातील एखाद्या मुलीला आरोग्यक्षेत्रात जायचे आहे, असे समजा. तिच्या डोळ्यांसमोर बहुधा दोनच चित्रे असतात, डॉक्टर आणि नर्स. प्रवेशपरीक्षेत गुण कमी पडले की पहिले चित्र पुसले जाते. प्रत्यक्षात क्षेत्र बरेच मोठे आहे. त्याचा नकाशा तिच्यासमोर ठेवणे ही पहिली पायरी.

हा नकाशा विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावा. डोंगराळ भागात साधारण २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र असा शासकीय निकष आहे. विद्यार्थ्यांनी जवळच्या केंद्रात परवानगी घेऊन जावे आणि तेथे काम करणाऱ्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत. आपण काय शिकलात? या पदावरून पुढे कोणत्या पदावर जाता येते? आपल्याला ही वाट कोणी सांगितली? आशा, आरोग्यसेविका, आरोग्य सहायिका, परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, समुदाय आरोग्य अधिकारी, वैद्यकीय अधिकारी, आणि त्यांच्या वर तालुका व जिल्हा आरोग्य अधिकारी, अशी उतरंड फळ्यावर काढावी. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे विशेष जपून लिहावीत. त्यांतून गावाची मार्गदर्शनाची वंशावळ तयार होईल.

मग या उतरंडीशेजारी दुसरी वाट काढावी. सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन, संख्याशास्त्र यांतील पदवी, त्यापुढे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी किंवा संशोधन. डॉक्टर न होताही रोगाशी लढता येते, हे कमल रणदिवे यांच्या उदाहरणाने पटवून देता येते. त्यांची पहिली पदवी वनस्पती आणि प्राणिशास्त्राची होती.

दुसरी पायरी म्हणजे खरे काम सोपवणे. गावातील पाण्याच्या नमुन्यांची नोंद, डेंगीच्या दिवसांत डासांच्या अळ्या असलेल्या भांड्यांची मोजणी, वर्गातील मुलांच्या हिमोग्लोबिन तपासणीच्या तक्त्यांचे आलेख, असे काही काम एका मुलीच्या नावाने तिच्याकडे द्यावे. अहवालावर तिचे नाव असावे आणि तो तिनेच आरोग्य अधिकाऱ्यांपुढे वाचावा. शिक्षकांनी त्या दिवशी मागच्या बाकावर बसावे. मुलीला नेतृत्व शिकवण्याचा याहून स्वस्त उपाय माझ्या माहितीत नाही.

तिसरी पायरी ओळख करून देण्याची. शाळेतून बाहेर पडून या क्षेत्रात गेलेल्या माजी विद्यार्थिनींची एक वही ठेवावी. कोणी कणकवलीला परिचारिका असेल, कोणी मुंबईला तंत्रज्ञ. दरवर्षी बारावीच्या मुलींनी त्यांतील एकीला पत्र लिहावे किंवा फोन करावा. ज्या मुलीने पाच वर्षांपूर्वी हीच एस.टी. पकडली होती, तिचा सल्ला कोणत्याही व्याख्यानापेक्षा नेमका असतो. वसतिगृह कोठे मिळते, कोणती कागदपत्रे आधी काढून ठेवावीत, पहिल्या महिन्यात घरची आठवण कशी सोसावी, हे तिलाच सांगता येते.

चौथी पायरी अवघड आहे, ती म्हणजे सोडून देणे. जी विद्यार्थिनी विज्ञान प्रदर्शनात शाळेला बक्षीस मिळवून देते, तिला दुसऱ्या शाळेत किंवा मोठ्या गावी चांगली संधी असेल, तर ती आपणच तिला सांगितली पाहिजे. खानोलकरांनी आपली सर्वांत तयार सहकारी बाल्टिमोरला जाऊ दिली, म्हणून ऊतिसंवर्धन मुंबईला आले.

जूनमध्ये शाळा सुरू होतील तेव्हा माजी विद्यार्थिनींची ती वही पहिल्याच आठवड्यात घालावी. पहिल्या पानावर दोन-तीनच नावे असली तरी चालतील.